मागावरचा वर्ग : फॅशनचे शिक्षण आणि विणकरांचा वाटा

फॅशन डिझाइनच्या पदवीसाठी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची कापडाशी पहिली ओळख होते ती दुकानातील ताग्यापाशी. दादर किंवा मंगळदास मार्केटमधून आणलेले कापड टेबलावर पसरायचे, त्यावर खडूने आखणी करायची आणि कात्री चालवायची, हा त्याच्या शिक्षणाचा ओनामा. ते कापड कोणी विणले, कशासाठी तेवढ्याच रुंदीचे विणले, त्यावरचा बुट्टा छापलेला आहे की धाग्यातूनच उमटलेला, हे प्रश्न त्याला बहुधा पडत नाहीत. ते पडावेत यासाठी देशातील नामवंत डिझाइन संस्थांनी एक वाट स्वीकारली आहे. विद्यार्थ्यांना विणकरांच्या गावी पाठवायचे, मागाशेजारी बसवायचे आणि विणकराच्या सहभागाने नवे वस्त्र तयार करून घ्यायचे.

या उपक्रमांची छायाचित्रे आपण पुरवण्यांतून पाहतो. खड्डामागावर बसलेले वयोवृद्ध विणकर, शेजारी वही घेऊन बसलेली शहरी मुलगी, मागे रंगीत लडी. छायाचित्र सुंदर असते. परंतु ती मुलगी परत गेल्यानंतर त्या मागावर काय घडते, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. या शिक्षणपद्धतीचे यशापयश जोखायचे असेल तर विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक पुरेसे होणार नाही; विणकराच्या हाती दुसरी ऑर्डर आली की नाही, हे पाहावे लागेल.

चित्रकार मागापाशी

कलाशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने विणकराबरोबर काम करण्याची कल्पना फॅशन संस्थांच्या आधीची आहे. स्वातंत्र्यानंतर हातमाग व्यवसायाला आधार देण्यासाठी 1952 साली अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले आणि 1956 पासून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. यातील पहिल्या केंद्रांपैकी एक मुंबईत होते. या केंद्रांचे वैशिष्ट्य असे, की तेथे चित्रकारांना पगारी नोकरीवर घेण्यात आले. के. जी. सुब्रमण्यन हे मुंबईत हातमाग मंडळाच्या डिझाइन विभागात उपसंचालक होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेले प्रभाकर बरवे 1961 साली वाराणसीच्या केंद्रात रुजू झाले आणि काही वर्षांनी मुंबईच्या केंद्रात आले. मराठी वाचकाला बरवे ठाऊक आहेत ते चित्रकार म्हणून आणि ‘कोरा कॅनव्हास’चे लेखक म्हणून, त्यांच्या उपजीविकेचा मोठा काळ विणकरांसाठी आकृतिबंध काढण्यात गेला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

या व्यवस्थेत उणिवा होत्याच. चित्रकाराने कागदावर काढायचे आणि विणकराने ते उतरवायचे, ही विभागणी तिने पक्की केली असा आक्षेप पुढे घेण्यात आला व तो अगदीच निराधार नव्हे. तरीही एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ही माणसे वर्षानुवर्षे त्याच कामात होती. आज विद्यार्थ्यांच्या भेटी काही दिवसांच्या किंवा फार तर काही आठवड्यांच्या असतात. एवढ्या अवधीत विणकराशी ओळख होते, सहकार्य व्हायला वेळ लागतो.

चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1958 साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालातून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची म्हणजे एनआयडीची बीजे पडली. आपल्या साध्या लोट्याची त्यांनी त्यात केलेली स्तुती अजूनही डिझाइनच्या वर्गात ऐकवली जाते. संस्था 1961 मध्ये सुरू झाली आणि हस्तकलांचे प्रत्यक्ष गावी जाऊन दस्तावेजीकरण करणे हा तेथील शिक्षणाचा भाग बनला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था अर्थात निफ्ट ही 1986 साली केंद्रीय वस्त्र मंत्रालयाच्या अखत्यारीत दिल्लीत उघडली. तिचा आरंभीचा अभ्यासक्रम न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने आखला गेला होता. त्यामागे तयार कपड्यांच्या निर्यातीची गरज होती, येवल्याच्या किंवा चंदेरीच्या विणकराची नव्हे. मुंबईचे केंद्र 1995 चे. पुढे याच संस्थेने ‘क्राफ्ट क्लस्टर’ उपक्रमाद्वारे विद्यार्थ्यांना हातमाग व हस्तकलांच्या केंद्रांत पाठवण्याची पद्धत रुजवली. प्रथम निरीक्षण व नोंदी, मग तेथील अडचणींचा अभ्यास, त्यानंतर कारागिरांच्या साहाय्याने नमुने, अशी तिची साधारण चढण असते. आता अनेक खासगी संस्थांच्या माहितीपत्रकातही ‘कारागिरांसमवेत प्रकल्प’ हे शब्द दिसतात. त्यांतील काही ठिकाणी तो प्रकल्प म्हणजे एका दिवसाची सहल असते, हे सांगितलेले बरे.

ताणा एकदा चढला की

मागापाशी गेल्यावर विद्यार्थ्याचा पहिला भ्रम दूर होतो तो रंगाविषयी. वर्गात संगणकाच्या पडद्यावर एका क्षणात निळ्याचे हिरवे करता येते. मागावर तसे नाही. उभ्या धाग्यांचा ताणा एकेका वस्त्रासाठी चढवला जात नाही. एका ताण्यावर एकापाठोपाठ अनेक साड्या विणल्या जातात. ताण्यातील धागे हजारोंच्या संख्येत असतात. ताणा बदलायचा म्हणजे नव्या ताण्याचे एकेक टोक जुन्या ताण्याच्या एकेका टोकाशी सांधायचे. हे काम चिकाटीचे, दिवस खाणारे आणि कित्येक घरांत स्त्रियांनी करायचे. केवळ आपल्या नमुन्यासाठी उभ्या धाग्यात केशरी रंग हवा, असे विद्यार्थी सहज बोलून जातो तेव्हा विणकर गप्प का बसतो, याचे उत्तर येथे आहे.

मग तो शिकतो की सूट आहे ती आडव्या धाग्यात. कांडी बदलली की बाणा बदलतो. तोच ताणा राखून बाण्याचा रंग, जाडी, पीळ, ठोक यांत फेरफार केले तर एकाच मागावरून चार वेगळी कापडे निघू शकतात. पैठणीतील जो धूपछाँव रंग आपण कौतुकाने न्याहाळतो तो याच युक्तीचा परिणाम आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. वस्त्र हलले की एकदा हा रंग वर येतो, एकदा तो. रंगांच्या मिश्रणाचा हा धडा कोणत्याही रंगचक्रातून एवढा स्पष्ट होत नाही.

दुसरा धडा रेषेचा. चित्रात वेल मुक्तपणे वळते. धाग्यांच्या जाळ्यात उभे आणि आडवे याखेरीज काही नसते. म्हणून वळणदार आकृती आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते, प्रत्येक चौकोन म्हणजे धाग्यांची एक जागा असे गृहीत धरून. वेलीचे वळण पायऱ्यापायऱ्यांचे होते. या पायऱ्या किती लहान ठेवायच्या हे धाग्याच्या बारकाईवर अवलंबून असते. जॅकार्डच्या मागावर या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात व ती भोके धागे उचलण्याचा हुकूम देतात. बनारसच्या किनखापाचा नकाशा बांधणारा कारागीर हा विणणाऱ्याहून वेगळा असे, आणि त्याचा मानही वेगळा असे. विणकामात ‘डिझायनर’ नव्हता, तो आम्ही शहरातून आणला, ही समजूत या एका माहितीने ढासळते.

पैठणीचे तंत्र आणखी निराळे. पारंपरिक पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया, असावली यांची नक्षी विणकर धागे मोजून, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र लहान कांडी वापरून, मागावरच भरत नेतो. एका रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो व मागे फिरतो. त्यामुळे अस्सल विणीत मागील बाजूला लोंबणारे धागे राहत नाहीत आणि वस्त्र दोन्ही अंगांनी सारखेच दिसते. काठासाठी आज अनेक मागांवर जॅकार्ड बसवलेले आढळते. पदराचे हातकाम मात्र अजून प्रतिष्ठेचे मानले जाते. यंत्रमागावरची नक्कल ओळखायची तर कापड उलटे करून पाहावे, हा सल्ला ग्राहकांना वारंवार दिला जातो तो यामुळेच.

तिसरा धडा फॅशनच्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जातो. त्याचे सारे शिक्षण कापण्याचे आहे. साडी, धोतर, शाल, घोंगडी ही वस्त्रे न कापता वापरायची म्हणून विणलेली असतात. काठ कोठे असावा, पदर कोठून सुरू व्हावा, बुट्टे कोठे विरळ व्हावेत, हे सारे अंगावर नेसल्यावर काय दिसणार या हिशेबाने ठरलेले असते. म्हणजे पोशाखाची रचना विणण्यातच पूर्ण झालेली असते. असे वस्त्र घेऊन त्याचा जाकीट बेतताना जे उरते त्याला वर्गात ‘वेस्ट’ म्हणतात. त्या चिंध्यांत कोणाची तरी दोन दिवसांची मजुरी असते. चांगले शिक्षक येथे विद्यार्थ्याला उलट दिशेने विचार करायला लावतात. आधी पोशाखाचे तुकडे ठरवा, मागाची रुंदी मोजा, आणि त्या रुंदीत तुकडे असे बसवा की काठ बाहीच्या टोकाशी येईल व कात्रीला काम कमी पडेल. हातमागाच्या सुताचे कापड धुतल्यावर आटते, एका घाण्यातील रंग दुसऱ्या घाण्याशी तंतोतंत जुळत नाही, या गोष्टीही त्याने आधीच गृहीत धरायच्या असतात. त्याच्या भाषेत या ‘त्रुटी’ असतात. विणकराच्या भाषेत तो सुताचा स्वभाव असतो.

महेश्वरचा दाखला

मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे उदाहरण नर्मदाकाठच्या महेश्वरचे आहे. अहिल्याबाई होळकरांनी आपली राजधानी येथे आणली व बाहेरून विणकरांना बोलावून वसवले. महेश्वरी साडी ही त्या आश्रयाची देणगी. तिचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, अंग रेशीम व सुताच्या मिलाफाचे, आणि काठावरील चटई, वीट, हिरा यांसारख्या आकृतींचे नाते तेथील किल्ल्याच्या व घाटाच्या दगडी कोरीवकामाशी सांगितले जाते. संस्थाने विलीन झाल्यावर आश्रय गेला आणि माग थंडावले. इंदूरच्या होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी 1978 साली रेहवा सोसायटी स्थापन केली. विणकामाचे शिक्षण स्त्रियांना देणे हा तिचा महत्त्वाचा भाग होता. सॅली होळकर यांनीच पुढे 2003 मध्ये वुमनवीव्ह ही संस्था उभी केली व तिच्या छत्राखाली ‘द हँडलूम स्कूल’ सुरू झाले.

या शाळेची रचना पाहण्यासारखी आहे. येथे शिकायला येतात ते वेगवेगळ्या राज्यांतील तरुण विणकर. विणणे त्यांना घरातूनच येते. शाळेत त्यांना डिझाइनची मूलतत्त्वे, हिशेब, किंमत ठरवणे, संगणक, व्यवहारापुरते इंग्रजी आणि ग्राहकाशी बोलणे शिकवले जाते. ज्या विणकराला ‘या नमुन्याचे इतके पैसे होतील आणि तो अमुक तारखेला मिळेल’ असे लेखी कळवता येते, त्याच्याशी शहरी डिझायनरचे बोलणे एकदम निराळ्या पातळीवर होते. विद्यार्थी आणि विणकर यांच्यातील सहकार्य बरोबरीचे व्हायचे तर दोघांच्याही हाती काही साधने समान हवीत, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

कच्छमध्ये हा विचार आणखी पुढे नेला गेला. भुजजवळच्या भुजोडी व आसपासच्या गावांतील वणकर समाज पिढ्यान्‌पिढ्या रबारी, अहिर या समाजांसाठी विणत आला. गिऱ्हाईक ओळखीचे होते, त्याच्या मेंढ्यांची लोकर मागावर येई आणि कोणत्या घरासाठी कोणता काठ हे विणकराला ठाऊक असे. गिरणीचे कापड व स्वस्त कृत्रिम धागा आल्यावर हे नाते सैल झाले. गिऱ्हाईक दूरचे व अनोळखी झाले. त्याला काय आवडते हे सांगायला मध्ये दलाल किंवा डिझायनर आला. 2001 च्या भूकंपाने तर घरे व माग दोन्ही पाडले. मदतीपाठोपाठ डिझायनरांची रीघ लागली आणि विणकर हा दुसऱ्याच्या आराखड्यावर काम करणारा मजूर ठरू लागला.

अमेरिकेतून येऊन कच्छमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या वस्त्राभ्यासक ज्युडी फ्रेटर यांचा नेमका यालाच आक्षेप होता. कल्पना एकाची व हात दुसऱ्याचे ही वाटणी परंपरेत नव्हती, ती बाजाराने घातली, असे त्यांचे म्हणणे. कला रक्षा या संस्थेमार्फत त्यांनी 2005 साली कारागिरांसाठीच डिझाइनचे विद्यालय काढले. पुढे 2014 मध्ये आदिपूर येथे सोमैया कला विद्या सुरू झाली. विद्याविहारच्या सोमैया समूहामुळे तिचे मुंबईशी नाते आहे. अभ्यासक्रम वर्षभराचा, पण दोन-दोन आठवड्यांच्या सहा तुकड्यांत वाटलेला. कारण वर्षभर मागापासून दूर राहणे कोणत्याच विणकराला परवडत नाही. रंग, मूलभूत रचना, बाजाराची ओळख, संकल्पना, संग्रहाची सिद्धता व सादरीकरण अशी त्याची वाट. मधल्या काळात घरी जायचे आणि गृहपाठ आपल्याच मागावर करायचा. शिकवणे स्थानिक भाषेत. स्त्रिया व पुरुषांचे वर्ग वेगळे, कारण तसे नसते तर अनेक घरांतून मुली आल्याच नसत्या. येथून बाहेर पडलेले कारागीर आज बाहेरून येणाऱ्यांना आपली कला शिकवतात, आणि त्या वेळी वर्गातील गुरूची जागा त्यांची असते.

याच संस्थेचा ‘भुजोडी ते बागलकोट’ हा उपक्रम महाराष्ट्राला जवळचा वाटावा. कच्छमध्ये शिकलेले विणकर उत्तर कर्नाटकातील बागलकोट परिसरातील विणकरांना मार्गदर्शन करण्यासाठी गेले. हा मुलूख इरकल साडीचा. आपल्याकडे सोलापूर, कोल्हापूर, सांगलीच्या घराघरांत जे इरकली लुगडे पिढ्यान्‌पिढ्या नेसले गेले ते तेथूनच येई. एका प्रांताचा विणकर दुसऱ्या प्रांताच्या विणकराला रंगसंगती व बाजार यांविषयी सांगतो आहे, यात शहरी डिझायनर मध्ये नाही. भाषा वेगळी असली तरी ताणा म्हणजे काय हे दोघांपैकी कोणालाच समजावून द्यावे लागत नाही.

नमुन्याचा हिशेब

आता पैशाकडे वळू. विद्यार्थ्याला पदवीच्या प्रकल्पासाठी पाच-सहा नमुने हवे असतात. प्रत्येक वेगळा. विणकराचे उत्पन्न मात्र एकसारखे, अखंड विणत राहण्यावर चालते. समजा, एका मागावरून महिन्याला चार साड्या निघतात. नमुन्यांच्या जुळवाजुळवीत दहा दिवस गेले तर एक साडी पूर्ण आणि दुसरीचा तिसरा हिस्सा बुडाला. विद्यार्थ्याने दिलेले पैसे बहुतेक वेळा विणलेल्या कापडाच्या लांबीवर मोजलेले असतात. चुकलेल्या, उसवलेल्या आणि पुन्हा बसवलेल्या धाग्यांचे मोल त्यात धरलेले नसते. काही संस्था नमुन्याच्या दिवसांची मजुरी स्वतंत्रपणे देतात. बाकीच्यांच्या बाबतीत शिक्षणाचा एक भाग विणकराच्या घरखर्चातून चालतो, असेच म्हणावे लागेल.

हे घर कसे असते? चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (2019-20) देशात हातमागावर अवलंबून असलेले कामगार 35 लाखांहून थोडे अधिक होते. त्याआधीच्या 2009-10 च्या गणनेत हीच संख्या 43 लाखांच्या पुढे होती. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी असल्याचे त्या गणनेत आढळले. विणणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर आहे. यात ईशान्येकडील राज्यांचा वाटा मोठा असला तरी अन्यत्रही कांड्या भरणे, ताणा सांधणे ही कामे घरातील स्त्रियाच करतात. मात्र विद्यार्थ्यांच्या अहवालात ‘कारागीर’ म्हणून ज्याचे छायाचित्र व नाव येते तो प्रायः मागावर बसलेला पुरुष असतो.

नावाचा मुद्दाही किरकोळ नाही. सादरीकरणाच्या रात्री रॅम्पवर विद्यार्थी येतो. विणकराला बोलावले असलेच तर तो अखेरच्या फेरीत नमस्कार करून जातो. कायद्याचे संरक्षणही येथे अर्धवट आहे. भौगोलिक निर्देशांक अर्थात जीआयचा 1999 चा कायदा 2003 पासून अमलात आला. त्याने पैठणी, महेश्वरी, चंदेरी अशा पारंपरिक नावांना संरक्षण दिले. परंतु विद्यार्थी आणि विणकर यांनी मिळून काढलेला नवा आकृतिबंध त्यात बसत नाही. त्यासाठी 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ती दहा वर्षांची व आणखी पाच वर्षे वाढवता येणारी असते. नोंदणी विद्यार्थ्याच्या नावे करायची, संस्थेच्या की विणकराच्या, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर वाद अटळ. बहुतेकदा वादाची वेळच येत नाही, कारण नोंदणीच होत नाही. नमुना प्रदर्शनात लागतो, त्याचे छायाचित्र फिरते आणि अल्पावधीत सुरत किंवा मालेगावच्या यंत्रमागावर त्याची स्वस्त आवृत्ती निघू शकते.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलांसारखी पादत्राणे दाखवली, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली आणि कंपनीला त्यांची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. विषय चामड्याचा होता. पण श्रेय कोणाचे, हा प्रश्न तोच. परदेशी कंपनीला जो प्रश्न आपण खडसावून विचारला तो आपल्या वर्गातही विचारायला हवा होता, असे या निमित्ताने वाटून गेले.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती दडवण्याचे कारण नाही. एनआयडीत शिकलेल्या राहुल मिश्रा यांनी 2006 साली मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये केरळच्या हातमागाच्या कापडातून केलेला संग्रह आणून लक्ष वेधले आणि 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक पटकावले. विद्यार्थिदशेतील कापडाचा अभ्यास व्यवसायात उतरला की गावातल्या कामालाही त्याचा लाभ पोहोचू शकतो. पण तो पोहोचतो तेव्हा विद्यार्थ्याने पदवीनंतर स्वतःचा व्यवसाय उभारलेला असतो आणि त्याच माणसांकडे तो परत गेलेला असतो. बाकी असंख्य पदवीधर कपड्यांच्या निर्यातगृहांत किंवा ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांत रुजू होतात. तेथे हातमागाचा संबंध सणासुदीच्या संग्रहापुरता.

येवला, भंडारा आणि प्रवेशाची खिडकी

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विद्यार्थ्यांचा ओघ येवला व पैठणकडे अधिक. पैठणीला बाजार आहे, लग्नसराई आहे आणि दूरचित्रवाणीनेही तिला घराघरांत पोहोचवले. त्यामुळे येवल्याच्या विणकराला विद्यार्थ्याच्या नमुन्याची फार गरज उरलेली नाही. जेथे गरज आहे तेथे मात्र फारसे कोणी जात नाही. भंडारा-नागपूर भागातील करवती काठाची टसर साडी, छत्रपती संभाजीनगरातील हिमरू, पश्चिम महाराष्ट्रातील घोंगडी यांच्या मागांची संख्या हाताच्या बोटांवर येऊ लागली आहे. करवती साडीचा दातेरी काठ विणताना काठाचे व अंगाचे धागे तीन धोट्यांनी एकमेकांत गुंतवावे लागतात. ते कसब असलेले हात वयस्क आहेत. राज्याच्या 2023-28 या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवती, घोंगडी व खण या पाच पारंपरिक वस्त्रप्रकारांचा वेगळा विचार केलेला आहे. मुंबई-पुण्याच्या संस्थांनी आपले प्रकल्प पुढील काही वर्षे या यादीतील दुर्लक्षित नावांकडे वळवले तर त्याचा उपयोग अधिक होईल. घोंगडीचे खरखरीत लोकरी वस्त्र रॅम्पवर शोभणार नाही, अशी सबब सांगितली जाते. गालिचा, पिशवी, आसन, भिंतीवरचे आच्छादन हेही वस्त्रच असते.

ज्यांना विणण्याचे तंत्रच मुळापासून शिकायचे आहे त्यांच्यासाठी वाराणसी (1956) व सेलम (1960) येथील भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्थांचा पदविका अभ्यासक्रम हा जुना मार्ग आहे. फॅशनच्या चकचकीत माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख आढळत नाही. विणकरांच्या मुलांना मात्र तो चांगला ठाऊक असतो.

फॅशन डिझाइनला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांनी व त्यांच्या पालकांनी ‘कारागिरांसमवेत प्रकल्प’ हे शब्द वाचले की संस्थेला काही गोष्टी विचारून घ्याव्यात. विद्यार्थी गावात किती दिवस राहतात, आणि त्यांच्यासोबत विणकाम जाणणारा शिक्षक असतो का? नमुन्याच्या दिवसांची मजुरी कोण देते, विद्यार्थी की संस्था? विणकराला परीक्षक म्हणून बोलावतात का, आणि बोलावल्यास त्याने दिलेले गुण मोजले जातात का? तयार झालेल्या आकृतिबंधावर नाव कोणाचे? संस्था दरवर्षी नवे गाव धुंडाळते की त्याच गावी पुन्हा जाते? शेवटच्या प्रश्नाला ‘त्याच गावी’ असे उत्तर मिळाले तर तेथील विणकराचा दूरध्वनी क्रमांक मागावा. ज्या संस्थांचा व्यवहार चोख आहे त्या तो विणकराला विचारून आनंदाने देतात.